पीथमपूर ते न्हावा शेवा: सीलच्या पहाऱ्यावर

सोमवार, पीथमपूर

इंदूरजवळच्या पीथमपूरला औषधांची खोकी भरायला सकाळी सुरुवात झाली आणि दुपारी तीनच्या सुमाराला कंटेनरचं दार लागलं. तेवढ्या वेळात मामांनी एक डुलकीही काढली नाही. ट्रेलरभोवती फेऱ्या चालू होत्या. टायरवर लोखंडी रॉड मारून आवाज ऐक, कंटेनरला ट्रेलरवर पकडून ठेवणारे ट्विस्ट लॉक हलवून बघ, वाकून खाली बघ. कारखान्याचा सुपरवायझर म्हणाला, "चाचा, अब तो बैठ जाओ." मामा बसले नाहीत.

मी कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि ई-वे बिलं (मालासोबत लागणारे जीएसटीचे कागद) बनवतो. सीलचे नंबर रोज टाइप करतो. गाडी रात्री कुठे उभी असते, तिच्याजवळ कोण असतं, हे मात्र ऑफिसातल्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका म्हणून दिसतं, बस्स. मामा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे, माझ्या लहानपणापासून ट्रेलरवर ड्रायव्हर. गेल्या वर्षी त्यांच्या एका गाडीतून माल उतरवताना काही खोकी कमी भरली. सील शाबूत, नंबर बरोबर, तरी खोकी कमी. ते पैसे मामांच्या हिशोबातून कापले गेले. म्हणून या खेपेला सुट्टी टाकली, मालकांची परवानगी घेतली आणि मामांसोबत न्हावा शेवा बंदराकडे निघालो.

सील लावताना मामांनी मला जवळ बोलावलं. कंटेनरच्या दोन दारांपैकी उजवं दार शेवटी लागतं आणि डाव्यावर थोडं चढून बसतं, म्हणून सील उजव्या दाराच्या हँडलला लावतात. बोटाएवढा जाड खिळा, त्यावर प्लास्टिकचं टोपण, टोपणात आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारी चिप. 2017 पासून कारखान्यात माल भरून निर्यातदारानं स्वतः सील लावायच्या पद्धतीत हे ई-सील आलं. बंदरावर कस्टमचा माणूस रीडर धरतो आणि चिप सांगते की हे सील कधी लावलं, कुठल्या कंटेनरला, कुठल्या शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टमच्या कागदावर. सीलवर एच हे अक्षर कोरलेलं असतं. आयएसओ 17712 या मानकाप्रमाणे ते 'हाय सिक्युरिटी' सील असल्याची ती खूण.

"बोल्ट कटरनं हे बी तुटतंय," मामा म्हणाले. "चोरी रोखायचं काम त्याचं न्हाई. चोरी झाली हे सांगायचं त्याचं काम."

मग त्यांनी कापडानं सील पुसलं, नंबर मोठ्यानं वाचला, मला बिल्टीवरचा नंबर वाचायला लावला. सील खाली ओढून बघितलं, पिळून बघितलं. टोपणाचे दोन भाग स्क्रूसारखे फिरून सुटतात असं बनावट सीलही असतं, म्हणून पिळायचं. फोटो काढले: एक सीलचा, एक दाराचा, एक हँडलच्या रिबिटांचा.

रिबिटांचा फोटो कशाला, हे मी विचारायच्या आधीच त्यांनी अंगठा रिबिटावरून फिरवला. "गेल्या साली आपल्याला हितंच फसवलं. सील न्हाई तोडलं. हँडलची रिबिट ड्रिलनं काढली, हँडल सीलसकट बाजूला घेतलं, दार उघडलं. माल काढून झाला की नवी रिबिट बसवली, वरून रंगाचा हात." जुन्या कंटेनरचा रंग उन्हापावसानं पांढुरका पडलेला असतो, अंगठ्याला खरखरीत लागतो. ताजा रंग गुळगुळीत लागतो आणि रिबिटाच्या कडेला थोडासा ओघळतो. मामांच्या अंगठ्याला हे कळतं. मी शंभर बिल्ट्यांवर 'सील इंटॅक्ट' असं लिहिलं असेल, पण सील शाबूत ठेवून दार उघडता येतं हे हँडलला हात लावून पहिल्यांदाच उमगलं.

चारच्या पुढे निघालो. मानपूर ओलांडल्यावर गणपती घाटाचा उतार येतो. इथे ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झालेत की इंदूरकडून उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता काढावा लागला. त्या नव्या रस्त्यानंही मामा खालच्या गिअरमध्येच उतरले. घाटाच्या आधी गाडी बाजूला घेऊन त्यांनी हवेचे पाइप बघितले होते. हॉर्स, म्हणजे पुढचा केबिनचा ओढणारा भाग, आणि ट्रेलर यांच्या मध्ये दोन पाइप असतात, एक लाल आणि एक पिवळा. लाल पाइपानं ट्रेलरच्या टाकीत हवा जाते. तो सुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळतात, गाडी जागची हलत नाही. पिवळ्यातून ब्रेकचा हुकूम जातो. तो सुटलेला असेल तर गाडी चालते, पण पायानं ब्रेक दाबला की फक्त हॉर्स थांबायला बघतो आणि मागचा ट्रेलर ढकलतच राहतो. मामा म्हणाले, लाल ओढणारा खोडकर, पिवळा ओढणारा खुनी. पुढे दोनच दिवसांत मला या वाक्याची आठवण येणार होती.

खलघाटला नर्मदा ओलांडली तेव्हा अंधार पडला होता. मामांनी खिडकीतून हात जोडले, पाच रुपयांचं नाणं पाण्यात टाकलं. जुलवानियाला मुक्काम.

मंगळवार, जुलवानिया ते नाशिक

रात्रीबद्दल आधी सांगतो, कारण या प्रवासात सांगण्यासारखं जे आहे ते रात्रीच घडतं.

ढाब्यावर जागा असतानाही मामांनी अर्धा तास गाडी मागेपुढे केली. कंटेनरचं दार दुसऱ्या एका कंटेनरच्या दाराला भिडेल अशी पाठीला पाठ लावली. मधे माणूस आडवा शिरू शकणार नाही एवढीच फट. तो दुसरा ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला, त्याच्या गाडीत टायर होते. दोघांनी एकमेकांचं नाव विचारलं नाही, आधी विचारलं, "कितने बजे निकलोगे?" दोघांनाही चारला निघायचं होतं, म्हणून पाठ लावायचं ठरलं. एक आधी गेला तर दुसऱ्याचं दार उघडं पडतं.

मग डिझेलची टाकी. तिच्या तोंडात आतून जाळी बसवलेली आहे, नळी आत जाऊ नये म्हणून, आणि झाकणाला कुलूप. तरी मामांनी झाकणावर रिकामा स्टीलचा डबा उपडा ठेवला. कुणी हात लावला तर डबा पडणार. चोर टाकीचा खालचा बोल्टही खोलतात, म्हणून टाकीची बाजू ढाब्याच्या दिव्याकडे. बॅटरीच्या पेटीला साखळी, स्टेपनीला साखळी. हॉर्स आणि ट्रेलर जिथे जोडले जातात तिथे खालून एक लिव्हर असतो. तो ओढला की किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची जाड खीळ, धरून ठेवणारा जबडा उघडतो आणि सकाळी गाडी निघाली की हॉर्स ट्रेलरखालून निसटून पुढे जातो, ट्रेलर नाकावर आपटतो. त्या लिव्हरच्या सुरक्षेच्या भोकात मामांनी छोटं पितळी कुलूप घातलं. किल्ली गळ्यातल्या तुळशीच्या माळेला.

एवढं करून झोपायचं कसं, तर अर्धं. जुन्या केबिनला एसी नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, या गाडीला तो लाभ नाही. उन्हाळ्यात काच लावली तर उकडून जीव जातो, उघडी ठेवली तर मोबाइल जातो. मामा चार बोटं काच उघडी ठेवतात. मागच्या बर्थवर मी, पुढच्या सीटवर आडवे मामा, पाय दाराला टेकवून. दार बाहेरून कुणी ओढलं तर पायाला कळावं.

साडेबारा, मग दोन, मग सव्वातीन. तिन्ही वेळा मामा उतरले, टॉर्च घेऊन चक्कर मारून आले. दोनच्या वेळी ऑफिसातून फोनही आला होता: "गाडी खूप वेळ उभी दिसतेय, काही प्रॉब्लेम?" तो फोन करणारा पोरगा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, रात्रपाळीला. त्याचं काम तेच आहे, आणि उद्या मी त्या पाळीला असतो तर मीही तोच फोन केला असता. पण त्या फोननंतर मामांना पुन्हा झोप लागली नाही हे मी इथे पडून बघितलं.

पहाटे निघालो. सेंधव्यानंतर बिजासन घाट, देवीचं दर्शन गाडीतूनच. पळासनेरला महाराष्ट्र लागला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि सीमेवरच्या जकात-करांच्या रांगा गेल्या. मामा त्या रांगांच्या आठवणी सांगतात तेव्हा त्यात तक्रारीसोबत एक गोष्ट हमखास येते: त्या रांगेत शेकडो गाड्या असायच्या, दिवे असायचे, माणसं जागी असायची. एका अर्थानं सोबत होती. आता गाडी थांबत नाही आणि थांबली की एकटी असते.

शिरपूर, तापी, नरडाणा, सोनगीर, धुळे. दिवसाचा रस्ता पटापट संपला. मला लिहिण्यासारखं एवढंच की चहाला थांबल्यावरही मामा गाडी दिसेल अशाच बाकावर बसतात, लघवीला जातानाही मला दाराजवळ उभं करून जातात, आणि परत आल्यावर आधी सील, मग रिबिट, मग पाइप, मग लिव्हर, मग टाकी बघतात. क्रम कधी चुकला नाही.

मालेगावच्या पुढे मामांनी देवासचे दिवस सांगितले. पूर्वी ते इंदूरच्या वर, देवास-मक्सी-शाजापूरच्या पट्ट्यातून दिल्लीकडे जात. तिथे 'ट्रक कटिंग' हा शब्द पोरासोरांनाही माहीत. चालत्या ट्रकच्या मागे गाडी चिकटवायची, एकानं वर चढायचं, ताडपत्री कापायची, माल खाली फेकायचा. चढावर ट्रकचा वेग कमी होतो, तेवढा वेळ पुरतो. ड्रायव्हरला आरशात काहीच दिसत नाही. तेव्हा क्लीनर असायचा, तो मागच्या बाजूला डोळा ठेवायचा. आता बहुतेक ट्रेलरवर क्लीनर नाही. मालकाचा एक पगार वाचला. क्लीनर जे राखत होता ते राखायचं काम मात्र ड्रायव्हरच्या झोपेतून वजा झालं, आणि कुठल्याही हिशोबाच्या वहीत त्याचा रकाना नाही.

मी 'अपना घर'चं विचारलं. पेट्रोल पंपांवर ट्रकवाल्यांसाठी खाटा, न्हाणीघर, जेवण अशी सोय सरकारनं तेल कंपन्यांकडून करून घेतली आहे. मामांनी एकदा वापरली. "चांगली हाय रे. पाणी सोच्छ, गादी मऊ. पण मी गादीवर, गाडी भाहेर. तासाभरानं उठून केबिनीत जाऊन पडलो." ज्या पंपावर पार्किंगला भिंत, कॅमेरा आणि रखवालदार आहे तिथेच ती गादी खऱ्या अर्थानं उपयोगाची.

पिंपळगावचा टोल, ओझर, नाशिक. विल्होळीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी लावली. पाठ लावायला दुसरा कंटेनर मिळाला नाही. मामांनी दार एका पडक्या भिंतीकडे केलं.

बुधवार, नाशिक ते पडघा

पहाटे पाचला मामांची चक्कर. सील बरोबर. रिबिट बरोबर. डबा टाकीवर जागच्या जागी. लिव्हरला कुलूप. मी केबिनमध्ये चहाचा थर्मास उघडत होतो.

"खाली उतर अन् मधी उभा राहा," मामा म्हणाले. म्हणजे हॉर्स आणि ट्रेलरच्या मध्ये. त्यांनी इंजिन चालू केलं, टाकीत हवा भरू दिली. मग हाक मारली, "दाबतो रे!" आणि ब्रेक दाबला.

फुस्स.

पाय सोडला, आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा फुस्स. मी टॉर्च मारला. पिवळ्या पाइपाचं जोड अर्धवट फिरलेलं होतं. हे जोड दोन तळहात एकमेकांत अडकवावेत तसं असतं, पूर्ण फिरवलं की खटका बसतो. इथे खटका सुटला होता आणि मधल्या रबरावर मातीची बोटं उमटली होती. चार बोटं, स्पष्ट. मामांच्या हाताला ग्रीस असतं, माती नसते.

लाल पाइपाला कुणी हात लावला नव्हता.

मामा उतरले, बघितलं, काही बोलले नाहीत. जोड सोडवलं, रबर पुसलं, पुन्हा बसवलं, खटका ऐकला. मग ट्रेलरचा ब्रेक लावून गाडी हळूच पुढे ओढून बघितली, म्हणजे किंगपिनही धरतोय आणि ट्रेलरचा ब्रेकही. मग मला पुन्हा मधे उभं केलं. तिसऱ्यांदा आवाज आला नाही, तेव्हा कुठे चहा घेतला.

कोणी केलं असेल? रात्री शेजारी जागेवरून दोन ड्रायव्हरांची बाचाबाची झाली होती, त्यातल्या कुणी भलत्याच गाडीवर राग काढला असेल. पार्किंगचे पैसे मागायला आलेल्या पोराला मामांनी पावती मागितली होती, त्यानं केलं असेल. चोरी करताना कुणी जागं झाल्याची चाहूल लागून पळाला असेल. कळायला मार्ग नाही. तिथून तासाभराच्या अंतरावर कसारा घाट आहे. तो उतार, पुढे कारा, एसट्या, दुधाच्या गाड्या, आणि मागून पंचवीस टनांचं धूड ढकलत असतं. चोरीची भीती मला प्रवासाच्या आधीपासून होती. या चार बोटांची नव्हती, आणि हे लिहितानाही तो रबर डोळ्यांसमोर येतो.

मी म्हटलं, "मामा, पोलिसात सांगू या." निदान नोंद तरी व्हावी. मामा म्हणाले, नोंद करायला अर्धा दिवस जाईल आणि ई-वे बिल चालू आहे. एका दिवसाला दोनशे किलोमीटर असा ई-वे बिलाच्या मुदतीचा हिशोब आहे. ते बिल मीच बनवलेलं, त्यामुळे किती वेळ हातात आहे हे मला तोंडपाठ होतं. मामांच्या नकाराचं खरं कारण मात्र वेगळं. माल कमी भरला की पहिला संशय ड्रायव्हरवर. वाहतूकदारानं विश्वासघात केला तर भारतीय न्याय संहितेच्या 316(3) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या दंड संहितेत ते कलम 407 होतं. ड्रायव्हरांना कलमाचा आकडा माहीत नसतो, पण ठाण्यात गेलेला ड्रायव्हर तक्रारदार म्हणून आत जातो आणि संशयित म्हणून बाहेर येतो हे त्यांनी पाहिलेलं असतं. आता झिरो एफआयआर कायद्यातच आली आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. मामांना मी ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही 1033 या महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन करून जागा आणि वेळ कळवली, एवढं केलं. फोटो मी जपून ठेवलेत.

कसारा घाट मामांनी असा उतरला की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं. वाजवू देत.

पडघ्याच्या अलीकडे रांग लागली. ठाणे शहराच्या हद्दीत जड वाहनांना ठरावीक तासांतच सोडतात, त्यामुळे वेळ होईपर्यंत गाड्या रस्त्याच्या कडेला थांबतात. शहराला दिवसा ट्रक नकोत हे मला पटतं. खारेगाव आणि मुंब्रा बायपासची कोंडी मीही भोगतो. पण थांबवायचंच असेल तर कुठे थांबायचं हेही सांगायला हवं. इथे दिवा नाही, शौचालय नाही, भिंत नाही. कोट्यवधींचा माल मातीच्या पट्टीवर उभा, आणि त्याला राखायला रांगेतला प्रत्येक ड्रायव्हर, जो आदल्या रात्री तीन वेळा उठलाय. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम असं लिहिलं होतं, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पहाऱ्याचे तास त्या आठांत धरायचे की नाही, हे मामांना कोणी कधी विचारलेलं नाही.

त्या रांगेत मी मामांना म्हटलं, तुम्ही झोपा, मी बघतो. ते झोपले. खरोखर झोपले, तोंड उघडं टाकून. मी चक्करा मारल्या, त्यांच्याच क्रमानं. एकदा एक माणूस दोन कंटेनरच्या मध्ये शिरताना दिसला, टॉर्च मारला तर बिचारा लघवीला आला होता. रांग हलायला लागेपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.

गुरुवार, न्हावा शेवा

रात्री मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा, कळंबोली. माझं घर तिथून दहा मिनिटांवर, पण उतरलो नाही. करळ फाट्याच्या पुढे बंदराच्या पार्किंग प्लाझात गाडी लागली. इथे भिंत आहे, गेट आहे, नोंद होते, दिवे आहेत. मामांनी गाडी लावली, दार कुठल्या दिशेला आहे हे बघितलंही नाही. सगळ्या वाटेत असं पहिल्यांदाच झालं.

बंदराच्या आत मला प्रवेश नाही. फॉर्म 13, म्हणजे कंटेनर बंदरात न्यायचा परवाना, आणि कागदांची पिशवी मामांच्या हातात दिली आणि मी प्लाझाच्या कॅन्टीनमध्ये बसलो. दुपारी त्यांचा फोन आला. रीडरनं सील वाचलं, काही अडचण नाही, कंटेनर यार्डात उतरला. ईआयआर, म्हणजे कंटेनर ताब्यात घेतल्याची पावती, मिळाली. तिच्यावर सील नंबर आणि 'साउंड', म्हणजे कंटेनर सुस्थितीत, हा शेरा आहे का, हे मी दोनदा विचारलं. आहे. ड्रायव्हरचं निर्दोषत्व त्या एका शेऱ्यावर असतं. मी त्यांना तिथेच फोटो काढून पाठवायला सांगितलं, ऑफिसला आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर मालकांपुढे दोन गोष्टी मांडल्या. रखवालदार असलेल्या पार्किंगचे शंभर-दीडशे रुपये ड्रायव्हरच्या भत्त्यातून जाऊ नयेत, बिल्टीत वेगळे लावावेत. आणि रात्री बारा ते चार गाडी नेमून दिलेल्या जागी उभी असेल तर ड्रायव्हरला फोन जाऊ नये. मातीच्या बोटांचा फोटो दाखवला. फोनचं त्यांनी लगेच मान्य केलं, शेजारच्या टेबलावरच्या पोराला समोरच सांगितलं. पार्किंगचं मात्र औषधं आणि इलेक्ट्रॉनिक्स एवढ्यापुरतंच हो म्हणाले. बाकी मालाचं भाडंच परवडत नाही म्हणतात. मामा परवा टायर घेऊन नागपूरला निघालेत, आणि टायर त्या यादीत नाहीत. सोमवारी पुन्हा विचारणार आहे.